पानओव्याचा वाफा: गोव्याच्या उन्हापावसात टिकणारं सुगंधी हिरवं आच्छादन

बारा महिने हिरवी, हात लागला की वास देणारी आणि जमीन झाकून टाकणारी झाडं उन्हाच्या जागेत हवीत, म्हणून नवखा माणूस मोबाइलवर शोधायला बसतो. समोर येतो तो जांभळ्या फुलांनी भरलेला थाइमचा गालिचा. बिया ऑनलाइन मिळतात, उगवतातही, आणि नोव्हेंबर ते मे रोपं बरी चालतात. मग जून येतो. थाइम मूळचं भूमध्य समुद्राकाठचं. तिथला उन्हाळा कोरडा असतो आणि पाऊस पडतो तो थंडीत. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये, तोही उबदार आणि दमट हवेत. थाइमचा बुंधा त्यात कुजतो. लॅव्हेंडर आणि कॅमोमाइलची गत तीच. हौसच असेल तर कुंडीत लावा आणि पावसात बाल्कांवात (दारासमोरच्या छपराखालच्या ओट्यावर) उचलून ठेवा, जमिनीत घालू नका.

गोव्यात एप्रिलचं ऊन सोसणारी झाडं पुष्कळ आहेत, जुलै काढणारी कमी. त्यामुळे झाडाची निवड, वाफ्याची उंची, लागवडीचा महिना, सगळं जुलै डोळ्यांसमोर ठेवून ठरवायचं. एवढं केलं की पुढचं काम सोपं आहे.

लावायचं काय?

पानओवा. जाड, लवदार, कातरलेल्या कडांची पानं असलेलं हे झाड गोव्यात कितीतरी घरांच्या मागच्या दारी कुंडीत असतं, भज्यांपुरतं. नर्सरीत ते कधी ‘अजवाइन’ म्हणून विकतात. मसाल्याच्या डब्यातला ओवा मात्र वेगळ्या, वर्षभरात संपणाऱ्या झाडाचा. पानओव्याचं शास्त्रीय नाव कोलियस अँबोइनिकस. जुन्या पुस्तकांत प्लेक्ट्रँथस अँबोइनिकस सापडेल. ते तुळशीच्याच कुळातलं.

त्याच्या तेलात कार्व्हाक्रॉल आणि थायमॉल ही द्रव्यं असतात, आणि थाइमचा वासही ह्याच दोघांचा. म्हणजे चित्रातल्या गालिच्याचा सुगंध हवा असेल तर तो इथल्या मातीत मिळतो, फक्त पान मोठं आणि जाड असतं. दोन बोटांत चुरडून बघा, हात धुतल्यावरही वास बराच वेळ जात नाही.

कुंडीत ते उंच, वाकडंतिकडं होतं म्हणून लोकांना ते जमीन झाकणारं वाटत नाही. जमिनीत लावलं की फांद्या आडव्या पसरतात, पेरं मातीला टेकलं की तिथे मुळं फुटतात आणि झाड पुढे सरकतं. उंची साधारण एक-दीड फूट राहते, छाटत राहिलं तर कमी. गोव्यात हिमाचा प्रश्न नाही, त्यामुळे पानं बारा महिने असतात. फुलं क्वचित येतात. आली तर फिकट जांभळे तुरे असतात आणि मधमाश्या त्यावर तुटून पडतात.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते: हे पायाखाली घालायचं झाड नाही. फांद्या रसाळ आणि ठिसूळ असतात, पाय पडला की काकडीसारख्या कट्‌कन मोडतात. चालायची वाट असेल तर दगड टाका आणि झाड दोन्ही बाजूंना ठेवा. दगडांमधल्या फटीत जलपिंपळी लावता येते. शेताच्या बांधावर आणि किनाऱ्यालगत ती आपसूक वाढते, पायदळ सोसते, ऊनही सोसते. वास मात्र जवळजवळ नाही.

जोडीला कडेनं गवती चहा लावावा, पण थोडाच. एकेक ठोंब दोन फूट जागा खातो आणि पातींची धार हाताला लागते. वाफा उतारावर असेल तर खालच्या अंगाला वाळ्याची एक ओळ लावा. वाळ्याची मुळं सरळ खोल, दोन-तीन मीटरपर्यंत जातात आणि माती धरून ठेवतात. त्याचा सुगंध मुळांतच असतो, त्यामुळे नाकासाठी त्याचा रोज उपयोग नाही. गजऱ्यात घालतात ती पाच (पॅचुली) हे सुगंधी झाड अर्ध्या सावलीचं, भर उन्हात तिची पानं करपतात. फोंड्याकडे कुळागराच्या (सुपारी-नारळाच्या बागेच्या) कडेला घर असेल आणि ऊन गाळूनच येत असेल, तर हा सगळा लेख बाजूला ठेवा आणि पाच लावा.

वेडेलिया नको. पिवळ्या फुलांचा तो वेल रस्त्याच्या कडेला, हॉटेलांच्या बागांत सर्रास दिसतो, फुकट मिळतो आणि भराभर पसरतो. त्याला वास नाही, आणि जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जातींच्या यादीत त्याचं नाव आहे. एकदा कुंपणाबाहेर गेला की शेजाऱ्याच्या भाटातून काढायला तुम्हालाच बोलावतील.

जागा: डिसेंबरचं ऊन वेगळं, जूनचं वेगळं

पानओव्याला दिवसाचं सहा तास ऊन मिळालं तर पानं आटोपशीर राहतात आणि वास तीव्र होतो. सावलीत ते मरत नाही, पण फांद्या लांबतात, पेरांतलं अंतर वाढतं, पानं पाणचट होतात आणि मधली माती उघडी दिसायला लागते. मग ते आच्छादन राहत नाही.

ऊन मोजताना गोव्यात एक गोष्ट हमखास फसवते. आपण साधारण १५ अंश उत्तर अक्षांशावर आहोत. मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला असतो, आणि डिसेंबरात तो चांगलाच दक्षिणेला कलतो. म्हणून मे महिन्यात भर उन्हात दिसणारी कंपाउंडच्या भिंतीच्या उत्तरेकडची पट्टी डिसेंबरात सावलीत जाते. भिंत दीड मीटर उंच असेल तर डिसेंबरच्या दुपारी तिची सावली सव्वा मीटरच्या जवळपास पडते, म्हणजे भिंतीला लागून केलेला मीटरभर रुंदीचा वाफा अख्खा झाकला जातो. आणि ऑक्टोबर ते फेब्रुवारी हेच तर झाड पसरायचे महिने. तेव्हा भिंतीच्या दक्षिणेची किंवा पश्चिमेची बाजू घ्या, नाहीतर उत्तरेला भिंतीपासून चार फूट सुटून वाफा करा.

पश्चिमेची बाजू आणखी एका कारणासाठी चांगली. नोव्हेंबर ते मे दुपारनंतर समुद्रावरून वारा येतो. बसायच्या जागेच्या पश्चिमेला वाफा असेल तर तापलेल्या पानांचा वास तुमच्याकडे येतो, शेजाऱ्यांकडे नाही. तरी हा मोगऱ्यासारखा दुरून येणारा वास नव्हे. पानाला धक्का लागला, पाणी मारलं, छाटणी केली की तो उठतो. त्यामुळे वाफा अशा जागी हवा जिथे येता-जाता कपडे घासतील: पायऱ्यांच्या कडेला, नळाजवळ, कपडे वाळत घालायच्या वाटेवर. तुळशीवृंदावनाला अगदी खेटून लावू नका, पसरलेल्या फांद्या प्रदक्षिणेची जागा खातात आणि मग दर आठवड्याला कात्री घेऊन बसावं लागतं.

जमिनीचा प्रकारही बघून घ्या. सड्यावर (पठारावर) आणि मोरड (चढावरच्या) जमिनीत तांबडी, चिऱ्याची (जांभा दगडाची) माती असते. तिच्यातून पाणी निघून जातं, पण खाली सलग चिरा लागला तर पावसाळ्यात तिथेच साचतं. कळंगुट, बाणावलीसारख्या किनाऱ्यालगतच्या वाळूत निचऱ्याची चिंता नाही, तिथे कंपोस्ट जास्त लागेल. खाजनाच्या (खाडीकाठच्या खाऱ्या शेतजमिनीच्या) बाजूला घर असेल आणि माती खारट असेल तर जमिनीत लावण्याच्या भानगडीत न पडता चिऱ्यांचा चौकोन उभारून बाहेरची माती भरा.

वाफा: सगळी मेहनत इथे करा

आधी खड्ड्याची चाचणी. फूटभर खोल, फूटभर रुंद खड्डा खणा, पाण्यानं भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी तीन-चार तासांत गेलं तर जागा चालेल. दुसऱ्या दिवशीही तळाला पाणी दिसलं तर एक वीत उंचीही पुरणार नाही, दोन करा.

सर्वसाधारण जागेत वाफा जमिनीपासून १५ ते २० सेंटीमीटर उचलायचा. कडेला चिऱ्यांची एक ओळ आडवी मांडा, सिमेंटनं जोडू नका. जोडायचेच असतील तर उताराच्या बाजूला दोन-तीन चिऱ्यांमागे एक फट सोडा, पाणी जायला. वाफ्याचा माथा सपाट न करता मधोमध किंचित फुगवटा ठेवा. वर टाकलेलं पाणी कडेला ओघळलं पाहिजे.

भरायला एक भाग तांबडी माती, एक भाग जाडसर खडा आणि अर्धा भाग चांगलं कुजलेलं कंपोस्ट किंवा शेणखत. जाडसर खड्यासाठी वाळूमागे धावू नका, चिरे तासताना खाली पडणारा चुरा ह्या कामाला उत्तम. घरबांधणी चालू असेल तिथे विचारा, बहुधा टाकायलाच ठेवलेला असतो. त्यातली अगदी बारीक भुकटी चाळून काढा, वाटाण्यापासून हरभऱ्याएवढे खडे ठेवा. समुद्राची वाळू फुकट असली तरी आणू नका, मीठ मुळांना बाधतं. दोन मीटर लांब, एक मीटर रुंद वाफ्याला सुमारे ४०० लिटर मिश्रण लागतं, म्हणजे २५ ते ३० घमेली.

खत जास्त घालायचा मोह होतो. पानओव्याला ते नको असतं. नत्र जास्त झालं की पानं तळहाताएवढी होतात, मऊ पडतात, वास पातळ होतो आणि पावसात तीच आधी सडतात. भाजीच्या वाफ्याच्या निम्मं खत पुरे. आपली चिऱ्याची माती आम्लधर्मी असते म्हणून सरसकट चुना टाकायचा सल्ला मिळतो. पानओवा थोडी आम्लता चालवून घेतो, मातीची तपासणी केल्याशिवाय चुना घालायची गरज नाही.

लव्हाळा आधी, लागवड नंतर

ह्या वाफ्याचा खरा शत्रू लव्हाळा. वरून गवतासारखा दिसतो, खाली काळ्या गाठी असतात आणि त्या गाठी तारेसारख्या मुळांनी एकमेकींना जोडलेल्या. वरचं गवत उपटलं की एक गाठ हाती येते, चार खाली राहतात आणि आठवड्यात वर येतात. गंमत अशी की गाठी सुगंधी असतात, नागरमोथा म्हणून उटण्यात त्याच पडतात. म्हणजे सुगंधी, बारमाही, उन्हात वाढणारं आच्छादन निसर्गानं आधीच देऊन ठेवलंय, फक्त ते कोणालाच नको असतं.

पानओवा दाट झाल्यावर खालून निघालेला लव्हाळा काढणं फार त्रासाचं, कारण उपटताना ठिसूळ फांद्या मोडतात. म्हणून वाफा भरल्यावर लगेच लावू नका. पाणी द्या, दोन आठवडे थांबा, जो लव्हाळा उगवेल तो खुरप्यानं गाठीसकट उकरा. असं दोनदा तरी करा. उकरलेल्या गाठी कंपोस्टमध्ये टाकू नका, तिथे त्या मजेत राहतात. चिऱ्यावर कडक उन्हात वाळवा आणि कचऱ्यात द्या. हरळीचंही असंच, तिची धावती कांडी तुकडा न ठेवता काढायची.

फांद्या लावणं

बी शोधू नका. शेजारणीकडून फांदी मागा, कोणी नाही म्हणत नाही. नाहीतर म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा जवळच्या नर्सरीत एक-दोन कुंड्या घ्या आणि त्यांच्याच फांद्या करा. एका भरल्या कुंडीतून आठ-दहा सहज निघतात.

१० ते १५ सेंटीमीटरची, टोकाकडची, कीड नसलेली फांदी पेराच्या जरा खाली कापा. खालची दोन-तीन जोड्या पानं काढा. आता लगेच मातीत खोचायची नाही. सावलीत, हवेशीर जागी दिवसभर पडू द्या. कापलेली ओली, चकचकीत जागा सुकून तिच्यावर कोरडी, फिकट खपली आली की फांदी लावायला तयार. ही खपली म्हणजे कुजीपासूनचं संरक्षण. लोकांना वाटतं फांदी कोमेजून मरेल; ती मरत नाही, तिच्या पानांत पाणी भरपूर असतं.

लागवडीची वेळ सांगताना मात्र मी आपल्या रूढ सवयीच्या विरुद्ध जाणार आहे. मिरग लागला की झाडं लावायची हे आपल्या अंगवळणी पडलेलं. नारळाला, आंब्याला, वाळ्याला ते ठीक. पानओव्याची मुळं नसलेली फांदी जूनमध्ये लावली तर रुजण्याआधीच कुजते. चवथ आटोपली, पावसाच्या सरी विरळ झाल्या की सप्टेंबरच्या शेवटापासून लावायला घ्या. माती ओली असते, ऊन परत येतं आणि पुढचा पाऊस यायला आठ महिने असतात. डिसेंबरपर्यंत लावलं तरी चालेल. मार्चमध्ये लावलेली झाडं जगतात, पण जून येईपर्यंत त्यांची जमीन झाकून होत नाही.

दोन फांद्यांत ३० सेंटीमीटर अंतर ठेवा. मघाच्या वाफ्याला साधारण २० फांद्या लागतील, चार-पाच जास्तीच्या कुंडीत लावून ठेवा, गेलेल्यांच्या जागी घालायला. दोन पेरं मातीखाली जातील अशी तिरकी खोचा, बोटांनी माती दाबा, एकदा हलकं पाणी द्या. मग नवी पानं दिसेपर्यंत माती नुसती ओलसर राहील एवढंच. दोन ते तीन आठवड्यांत मुळं धरतात. ऑक्टोबरचं ऊन कडक असतं, पहिला आठवडा वर चुडतांची (नारळाच्या झावळ्यांची) सावली करा.

फांद्या वीतभर लांब झाल्या की शेंडे खुडा. प्रत्येक खुडलेल्या जागी दोन फुटवे येतात. हे खुडणं कंटाळा न करता चार-पाच वेळा केलं तर मार्चपर्यंत माती दिसेनाशी होते. खुडलेले शेंडे भज्यांना.

पाणी

रुजलेल्या वाफ्याला नोव्हेंबर ते फेब्रुवारी आठवड्यातून एकदा, मार्च ते मे दोनदा, सकाळी, मुळाशी, भरपूर. वाळूच्या जमिनीत थोडं जास्त. रोज शिंपडणं सर्वांत वाईट, वरची माती ओली आणि मुळं उथळ. पानं मलूल दिसली म्हणून लगेच नळी उचलू नका, कारण पाणी कमी झालं तरी पानं मलूल होतात आणि मुळं कुजली तरी होतात. बोट दोन पेरं मातीत घालून बघा. कोरडं लागलं तर पाणी द्या. ओलं असेल आणि पान पिवळं, बुंधा मऊ असेल तर पाणी बंद करा आणि ती फांदी काढून टाका. एप्रिल-मेमध्ये विहीर तळाला गेली तरी हा वाफा तग धरतो. पानं लहान, जाड, जराशी पिवळसर होतात. वास तेव्हाच सर्वांत जास्त असतो.

ऑक्टोबरनंतर रोपांमध्ये सोडणाचे (नारळाच्या सालांचे) तुकडे किंवा सुका पाला पसरला तर ओल टिकते.

मेच्या शेवटी

हे काम चुकवू नका. पुरुमेंताची (पावसाळ्यासाठीच्या साठवणीची) खरेदी चालू असते त्याच दिवसांत करा म्हणजे लक्षात राहील. पसरलेलं सगळं सोडण आणि पाला उचला. झाडं एक तृतीयांश ते अर्धी छाटा, मधल्या जुन्या फांद्या बुंध्यापासून काढा, खालून माती थोडी दिसली पाहिजे, वारा जायला पाहिजे. चिऱ्यांमधल्या फटी मोकळ्या करा. छपराचं पाणी वाफ्यात पडत असेल तर पन्हळ लावा, कारण उंच छपरावरून पडणारी धार एका पावसात माती उकरून मुळं उघडी करते. आणि छाटलेल्यांतल्या दहा फांद्या कुंड्यांत लावून पडवीत ठेवा. जुलै फारच वाईट गेला तर सप्टेंबरात सुरुवात त्यांच्यापासून होईल.

पावसात वाफा थोडा विस्कटलेला दिसेल. काही फांद्या काळ्या पडतील. चार दिवस उघडीप मिळाली की कात्री घेऊन काळं तेवढं कापा, बाकी हात लावू नका, खत तर अजिबात नको.

पावसातला दुसरा त्रास म्हणजे आफ्रिकन गोगलगाय, मोठ्या तपकिरी शंखाची. दिवसा ती चिऱ्यांच्या फटीत लपते, रात्री खायला निघते. अंधार पडल्यावर टॉर्च घेऊन वेचायच्या आणि मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाकायच्या. उघड्या हातानं उचलू नका, पिशवी किंवा हातमोजा घाला; तिच्या अंगात मेंदूला बाधणारे कृमी असू शकतात. वाफ्यावर मीठ टाकणाऱ्यांना गोगलगायी मेलेल्या दिसतात आणि महिन्यानं झाडंही. थंडीत पांढरा पिठ्या ढेकूण दिसला तर लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर निमतेल आणि साबणाच्या पाण्याचे थेंब घालून संध्याकाळी फवारा, आठवड्यानं पुन्हा.

दोन-तीन वर्षांनी

मधोमध फांद्या लाकडी होतात, पानं फक्त टोकांना राहतात आणि वाफ्याला टक्कल पडतं. त्यावर खत घालून उपयोग नाही. सप्टेंबरच्या शेवटी अर्धा वाफा उकरा, थोडं नवं कंपोस्ट मिसळा, त्याच झाडांच्या टोकाच्या फांद्या पुन्हा लावा. उरलेला अर्धा पुढच्या वर्षी, म्हणजे अंगण कधीच पूर्ण उघडं पडत नाही.

घरात कुत्रा किंवा मांजर असेल तर एवढं बघा: माणसाला पानओवा चालतो, त्यांना तो बाधतो. खाल्ला तर उलट्या-जुलाब होऊ शकतात. पान चघळायची सवय असलेलं पिल्लू असेल तर त्याच्या फिरायच्या बाजूला गवती चहाही लावू नका, तोही पोटाला त्रास देतो. तिथे जलपिंपळीच बरी.